गल्लीत ताशी ३०: कोल्हापुरात वेगमर्यादा खाली आणायची कशी

राजारामपुरीच्या गल्ल्या असोत, रुईकर कॉलनी असो, नाहीतर फुलेवाडीकडच्या नव्या वसाहती, तक्रार एकच ऐकू येते. मुख्य रस्ता तुंबला की गाड्या आत घुसतात आणि तुंबलेला वेळ भरून काढायला गल्लीतूनच पळवतात. दारात रांगोळी काढणारी बाई, दुधाची पिशवी घेऊन निघालेले आजोबा, फुटबॉल खेळणारी पोरं यांच्या अगदी अंगाजवळून ती गाडी जाते. मग कोणीतरी रात्रीत सिमेंटचा उंचवटा घालतो, दोन दिवसांनी त्यावरून कुणीतरी मोटारसायकलसकट पडतो, आणि प्रश्न आहे तिथेच राहतो.

याला कायद्याचा रस्ता आहे आणि तो सामान्य रहिवाशांना पेलण्यासारखा आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्या शहराची मर्यादा एकदम बदला म्हणून मागणी करू नका. आपली एक गल्ली निवडा, तिथला वेग स्वतः मोजा, एक महिन्याचा प्रयोग मागा आणि मोजलेल्या फरकावर कायमचा आदेश मिळवा. त्या महिनाभराच्या प्रयोगाची सोय कायद्यातच आहे. तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही.

तीसच का, चाळीस का नाही

सभेत हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येतो, म्हणून उत्तर तयार ठेवा. समजा, १४ मीटरवर एक पोरगं चेंडूमागे रस्त्यात आलं. सावध चालकालाही पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागतो. ताशी ३० ने येणारी कार त्या सेकंदात साधारण ८ मीटर जाते, मग ब्रेक लागून आणखी ५ मीटरमध्ये थांबते. एकूण १३ मीटर. पोरगं वाचलं. ताशी ५० ने येणारी कार त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होते तेव्हा गाडी पोरापाशी पोचलेली असते, आणि धडक जवळपास पूर्ण ५० च्या वेगाने बसते. हा हिशेब कोरड्या रस्त्याचा आणि चांगल्या ब्रेकचा आहे. आपल्याकडच्या पावसात थांबायला याहून जास्त जागा लागते. शिवाय ५० च्या वेगातल्या गाडीचा धक्का ३० च्या गाडीपेक्षा पावणेतीन पटींहून थोडा जास्तच असतो, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आणि गमावतो किती? ४०० मीटरची गल्ली ५० ने पार करायला २९ सेकंद लागतात, ३० ने ४८ सेकंद. फरक १९ सेकंदांचा, तोही सबंध गल्ली ५० ने कापता आली तर. हा आकडा सभेत फळ्यावर लिहा. बाकी युक्तिवादांपेक्षा तो जास्त काम करतो.

देशाचं चित्रही सांगा. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली. मेलेल्यांत ३२,८२५ पादचारी होते.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच वस्तीतले रस्ते ३० वर आणले. पॅरिस आणि ब्रसेल्सने २०२१ मध्ये जवळपास सगळ्या शहराला ही मर्यादा लावली. रस्ता सुरक्षेवरच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात जिथे माणसं आणि वाहनं एकत्र वावरतात तिथे ३० ची मर्यादा ठेवावी असं ठरलं. पण आपल्या कामाचा धडा वेल्सचा आहे. तिथे १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल, म्हणजे आपले साधारण ३२ किलोमीटर, अशी मर्यादा एकदम लागू झाली. विरोधातल्या अर्जावर साडेचार लाखांहून जास्त सह्या पडल्या आणि पुढच्या वर्षी काही रस्त्यांचा फेरविचार करावा लागला. लोकांना बरोबर न घेता केलेला चांगला निर्णयसुद्धा अडखळतो.

कायदा काय देतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ मधलं कलम ११२ पाठ असू द्या. केंद्राने ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांसाठी कारला ताशी ७० आणि मोटारसायकलला ६० अशी वरची मर्यादा धरली होती. गल्लीच्या दृष्टीने हे आकडे निरर्थक आहेत. पण कलम ११२(२) प्रमाणे सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याच्या स्वरूपामुळे गरज वाटल्यास राज्य सरकारला, किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, एखाद्या रस्त्यावर त्याहून कमी मर्यादा घालता येते. त्यासाठी दोन गोष्टी लागतात: राजपत्रातली अधिसूचना आणि कलम ११६ खाली लावलेल्या पाट्या. पाटी नसेल तर दंड टिकणार नाही. अधिसूचना नसेल तर पाटी नुसती शोभेची.

आता ती सोय. याच कलमाच्या परंतुकात, म्हणजे त्याला जोडलेल्या अपवादात, म्हटलं आहे की बंधन एक महिन्यापेक्षा जास्त राहणार नसेल तर अधिसूचनेची गरज नाही. तुमचा अर्ज या वाक्यावर उभा करा. अधिकाऱ्याला कायमचा निर्णय घ्यायला सांगितलं की फाइल फिरत राहते. तीस दिवसांचा प्रयोग मागितला की ‘बघू करून’ म्हणायला वाव मिळतो.

दंड कलम १८३ खाली होतो: हलक्या वाहनांना १,००० ते २,००० रुपये, मध्यम आणि जड वाहनांना २,००० ते ४,०००.

रस्ता कोणाचा, ते आधी बघा

पुण्या-मुंबईसारखं आपल्याकडे पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे वाहतुकीच्या आदेशांसाठी जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक ही दोन दारं महत्त्वाची, आणि प्रत्यक्ष जमिनीवर शहर वाहतूक नियंत्रण शाखा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. पोलीस, परिवहन, बांधकाम आणि महापालिका हे सगळे तिथे एका टेबलावर येतात. तुमचा विषय त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर येणं म्हणजे निम्मं काम.

डांबर, रंग, पाटी आणि गतिरोधक हे रस्त्याच्या मालकाचं काम. शहराच्या हद्दीतल्या बहुतेक गल्ल्या महापालिकेच्या आहेत. तिची चार विभागीय कार्यालयं आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. आपली गल्ली कुठल्या कार्यालयाखाली येते ते तिथल्या उपशहर अभियंत्याकडे विचारा. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव इथल्या वसाहती शहराला चिकटून असल्या तरी रस्ता ग्रामपंचायतीचा, जिल्हा परिषदेचा किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो. गगनबावड्याकडे किंवा रत्नागिरीकडे जाणाऱ्या महामार्गाच्या पट्ट्यावर राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे गतिरोधक मागू नका. ओलांडण्याची सुरक्षित जागा मागा.

एकात्मिक रस्ते विकास प्रकल्पात रुंद झालेल्या रस्त्यांचा वेगळा विचार करा. टोल आपण आंदोलन करून घालवला, रस्ते राहिले. रुंद, गुळगुळीत रस्त्यावर चालकाचा पाय आपोआप दाबला जातो. तिथे ३० ची पाटी लावून काही होत नाही. सुरुवात आतल्या गल्लीपासूनच करा.

वेग मोजा: टेप, फक्की आणि मोबाइल

या पायरीवर थोडा जास्त वेळ द्या, कारण ‘गाड्या लई जोरात जातात’ या वाक्याला सरकारदरबारी किंमत नाही. आकड्याला आहे.

गल्लीच्या मधोमध, वळणापासून आणि चौकापासून लांब, सरळ तुकडा निवडा. गवंड्याकडून टेप आणा आणि बरोबर ५० मीटरवर फक्कीच्या दोन रेघा आडव्या मारा. दोन्ही रेघा एकाच चौकटीत दिसतील अशा गच्चीवरून किंवा पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून मोबाइलवर चित्रण करा. रस्त्यात उभे राहून मोजलं तर माणसं बघून गाड्या हळू होतात आणि आकडा खोटा येतो. घरी बसून चित्रण सावकाश चालवा आणि पुढचं चाक पहिल्या रेघेवरून दुसऱ्या रेघेवर जायला लागलेले सेकंद लिहा. १८० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी वेग मिळतो. ६ सेकंद म्हणजे ३०, साडेचार सेकंद म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५० आणि ३ सेकंद म्हणजे ६०.

सकाळी शाळेच्या वेळी, दुपारी आणि संध्याकाळी सहा ते आठ, अशा तीन वेळा धरा. प्रत्येक वेळी शंभरेक गाड्या मोजा. सणासुदीचा, यात्रेचा किंवा मुसळधार पावसाचा दिवस टाळा. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या गर्दीमुळे आसपासची वाहतूकच बदलते, त्या दिवसांतले आकडे कोणी मानणार नाही.

सरासरी काढाच, पण तिच्यावर थांबू नका. सायकली आणि सावकाश जाणाऱ्या रिक्षा सरासरी खाली ओढतात. शंभर गाड्यांचे वेग चढत्या क्रमाने मांडा आणि ८५ वा आकडा बघा. वाहतूक अभियंते हाच आकडा विचारतात. सरासरी ३४ असून ८५ वा आकडा ४८ असेल, तर शंभरातल्या पंधरा गाड्या ४८ च्या वर आहेत, आणि भीती त्या पंधरांचीच आहे.

नंबरप्लेट दिसणारं चित्रण ग्रुपवर टाकू नका. भांडण गाडीवाल्याशी नाही. एकदा का नावं घेतली गेली की गल्ली दोन गटांत फुटते.

याच वेळी एका कागदावर गल्लीचा नकाशा काढा: भिंतीपासून भिंतीपर्यंत रुंदी, पार्किंग कुठे होतं, अंगणवाडी, शाळा, मंदिर, दवाखाना, आंधळी वळणं. अपघातांची माहिती हवी असेल तर ज्या पोलीस ठाण्याची हद्द असेल तिथे (जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी किंवा राजारामपुरी) माहितीच्या अधिकारात अर्ज करा. एक विषय, दीडशे शब्दांत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. तीन वर्षांतले अपघात जागेनुसार मागा, कोणाची नावं मागू नका. उत्तराची मुदत ३० दिवस आहे.

तालमीत बसा

आपल्याकडे हा फायदा आहे, तो वापरा. पेठेत तालीम आहे, कॉलनीत मंडळ आहे. गणपतीची वर्गणी ठरते तिथेच हा विषय ठेवा. रिक्षा स्टॉपवाले, स्कूल व्हॅनचे चालक, दुकानदार, दूधवाले, घरपोच पार्सल आणणारी पोरं यांना मुद्दाम बोलवा. ज्यांना रोज हळू जायचं आहे त्यांना न विचारता ठरवलेली मर्यादा आठवडाभरही टिकत नाही.

गल्लीतल्या बाइकवाल्या पोरांच्या हातातच टेप आणि मोबाइल द्या. वेगात जाणारे सगळे बाहेरचे, हा समज मोजणीत टिकेलच असं नाही. ते पोरांनी स्वतः मोजून काढलेलं बरं, काका-काकूंनी सुनावलेलं नको.

हरकती येतील. ‘रुग्णवाहिका अडेल’ ही खरी हरकत आहे. म्हणून गतिरोधक मोजके ठेवा आणि ते मापातच हवेत असा आग्रह धरा. ‘माझं कंबरेचं दुखणं आहे’ हीही खरी हरकत, आणि तिचंही उत्तर मापात आहे. ‘मिरवणुकीची ट्रॉली जाईल का?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, मंडप कुठे पडतो ते नकाशावर दाखवा. ‘पोरांना घरात बसवा’ म्हणणाऱ्याला मात्र स्पष्ट सांगा की गल्ली पोरांचीही आहे. ज्या शहरात पेठापेठांच्या फुटबॉल संघांवर लोक जीव टाकतात, तिथे पोरांना चेंडूला पाय लावायला दारापुढची जागा मिळालीच पाहिजे.

सह्या घराघरातून घ्या, विरोध करणाऱ्यांचीही नोंद ठेवा. ‘६२ घरांपैकी ५१ चा होकार, ११ ची हरकत आणि तिचं कारण’ अशी मांडणी प्रामाणिक दिसते आणि साहेबालाही निर्णय घ्यायला सोपी जाते.

अर्ज

अर्ज एका पानाचा, बाकी सगळं जोडपत्रात. नमुना असा:

*प्रति, मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, कोल्हापूर.*

*विषय: ____ गल्ली येथे ताशी ३० किमी वेगमर्यादा एक महिना प्रायोगिक तत्त्वावर लागू करण्याबाबत.*

*महोदय, वरील रस्ता ____ मीटर लांब व ____ मीटर रुंद असून पूर्णतः निवासी आहे. रहिवाशांनी दि. ____ रोजी तीन वेळांत मिळून ____ वाहनांचा वेग मोजला. सरासरी ताशी ____ व ८५ व्या क्रमांकाचा वेग ताशी ____ किमी आढळला. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२(२) व त्याखालील परंतुकानुसार एक महिन्यासाठी ताशी ३० किमी मर्यादा लागू करावी, कलम ११६ नुसार दोन्ही तोंडांना पाट्या लावाव्यात आणि महिन्याअखेर पुन्हा मोजणी करून कायम अधिसूचनेचा विचार व्हावा, ही विनंती. मोजणीत आम्ही रहिवासी सहकार्य करू. सोबत: मोजणी तक्ता, नकाशा, संमतीपत्रक.*

प्रती पोलीस अधीक्षक, शहर वाहतूक नियंत्रण शाखा, महापालिका आयुक्त आणि शहर अभियंता यांना द्या. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. महिनाभरात हालचाल नसेल तर लोकशाही दिन आहे. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो जिल्हाधिकारी कार्यालयात होतो, महापालिकेतही होतो. अर्ज पंधरा दिवस आधी ठरलेल्या नमुन्यात द्यावा लागतो. त्याच सुमारास आवक क्रमांक टाकून ‘अर्जावर काय कार्यवाही झाली’ असा माहितीचा अर्जही टाका.

काळवेळ साधा. जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप बघून मोजणी आणि अर्ज, दिवाळीनंतर प्रयोग, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये महापालिकेचा अर्थसंकल्प येण्याआधी कायमच्या कामाची मागणी. पावसात रस्त्यावर रंग टिकत नाही आणि डांबरीकरणही होत नाही.

प्रयोगाचा महिना

पाटी गोल, लाल कडेची, पांढऱ्यावर काळा आकडा. गल्लीच्या प्रत्येक तोंडाला, चालकाच्या नजरेच्या उंचीला. वाढदिवसाच्या डिजिटल बोर्डाआड ती जाणार नाही याची जबाबदारी मंडळाने घ्यावी.

पण नुसत्या पाटीने वेग थोडाच उतरतो. रस्त्याचा आकार बदलला तर तो खरा उतरतो. वाहतूक शाखेच्या परवानगीने कोन किंवा पाण्याने भरलेले प्लास्टिकचे बॅरिकेड ठेवून गल्लीचं तोंड अरुंद करा, म्हणजे वळताना गाडीला हळू व्हावंच लागतं. पार्किंग थोडं अंतर डाव्या बाजूला, थोडं उजव्या बाजूला असं आलटून पालटून केलं की सरळ रेघ मोडते. कडेने पांढरे पट्टे ओढून गाडीची वाट तीन मीटरवर आणता येते. दगड, मोठ्या कुंड्या, आडवी दोरी यांतलं काही वापरू नका. रात्री न दिसणारी वस्तू दुचाकीवाल्याचा जीव घेते. ठेवाल त्या प्रत्येक वस्तूला रिफ्लेक्टर पट्टी हवी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात त्याच जागी, त्याच रेघांवर, त्याच वेळांना पुन्हा मोजा. शेजारच्या गल्लीतही मोजा. आपल्या गाड्या तिकडे वळल्या असतील तर ते लपवू नका, दोन्ही गल्ल्यांचा एकत्र अर्ज करा.

कायमचं काम करून घेताना

गतिरोधक लागलाच तर रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मापाचा हवा: गाडीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मधोमध १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा कमानदार. यावरून ताशी २५ ने गाडी अलगद जाते, कंबर मोडत नाही आणि रुग्णवाहिकाही थांबत नाही. एकापाठोपाठ घालायचे तर १०० ते १२० मीटरचं अंतर. काळे-पांढरे पट्टे आणि ४० मीटर आधी सूचना पाटी. ठेकेदाराचा माणूस हातभर रुंदीचा ढीग ओतून निघाला तर तिथेच टेप लावा. रबरी पट्ट्यांचे तुकडे टाळा. त्यांचे खिळे उघडे पडतात आणि टायर फुटतात. शाळेसमोर वरून सपाट, पायी ओलांडायच्या पट्ट्यांसह उंचवटा मागा. गटारीकडेला पाणी जायला फट ठेवायला लावा, नाहीतर जूनमध्ये गतिरोधकामागे तळं साचतं.

रस्त्याच्या आखणीत, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेली मानकं न पाळल्यामुळे कोणी मेलं किंवा अपंग झालं, तर कलम १९८अ खाली जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बैठकीत हे कलम नम्रपणे आणि लेखी मांडा. त्याच कारणाने स्वतः रात्रीत उंचवटा घालू नका. पडणाऱ्याचं आयुष्य जातं आणि तुमची सगळी मागणीही.

कायमची अधिसूचना निघाली की राजपत्राची प्रत मिळवा आणि हद्दीच्या पोलीस ठाण्यात एक, विभागीय कार्यालयात एक अशी देऊन ठेवा. रस्त्याचं पुढचं डांबरीकरण होईल तेव्हा नव्या थराखाली पट्टे जातात, गतिरोधकाची उंची कमी होते आणि पाटीचा खांब काढला जातो. म्हणून कामाचा आदेश निघतानाच ‘पूर्वस्थितीत करून देणे’ ही अट अंदाजपत्रकात लिहून घ्या, आणि मंडळातल्या एकाकडे दर वर्षी दिवाळीनंतर टेप आणि फक्की घेऊन मोजणी करायचं काम सोपवा.